परदेशांतील स्वस्त कपडे आणि घरची पारख

श्रावण सरत आला म्हणजे पेणच्या मूर्तिशाळांतून गणपति नेण्यासाठीं गिऱ्हाइकांची रीघ लागते. पेण शहरांत आणि शेजारच्या हमरापूर, जोहें या गांवांत वर्षभर मूर्ति घडतात. त्या मुंबई-पुण्यासच नव्हे, तर इंग्लंड-अमेरिकेंतील मराठी घरांतही जाऊन बसतात. तेथें मूर्ति निवडणारें जुनें गिऱ्हाईक पाहण्यासारखें असतें. तें प्रथम भाव विचारीत नाहीं. मूर्ति किंचित् उचलून वजनाचा अंदाज घेतें; शाडूची कीं प्लास्टरची, हें बोटाच्या टिचकीनें ओळखतें; डोळ्यांची आखणी शांतपणें झाली कीं घाईनें, हें उजेडांत नेऊन पाहतें; आणि पाठ तर हटकून पाहतें, कारण कारागिराचा आळस नेहमीं पाठीकडे लपतो. इतकें झाल्यावर मग भावाची गोष्ट निघते.

असाच एखादा पारखी गृहस्थ सहकुटुंब युरोपच्या सहलीस निघतो आणि पॅरिस किंवा मिलानजवळच्या एखाद्या झगझगीत पेठेंत शिरतो. समोर एक कोट टांगलेला असतो. त्यावर मोठ्या पेढीच्या नांवाची चिठ्ठी असते. चिठ्ठीवर ६०० युरो हा आकडा खोडलेला आणि त्याखालीं तांबड्या शाईनें ३०० लिहिलेले. मग उचलून पाहणें नाहीं, उलटून पाहणें नाहीं. ‘निम्म्या किंमतींत मिळतो आहे’ एवढ्या एकाच वाक्यावर कोट पिशवींत जातो. घरच्या बाजारांत सदैव उघडा असणारा डोळा परदेशांत असा मिटतो कां, आणि तो उघडा ठेवावयाचा तर कोणत्या गोष्टी ठाऊक असाव्या लागतात, याचा विचार होणें अवश्य आहे. कारण सहलीसाठीं वर्षानुवर्षें साठविलेल्या पैशांपैकीं मोठा भाग पुष्कळदां अशा दोन-तीन तासांत हातचा जातो.

बाहेरच्या कापडाची ओढ आजची नाहीं. पेण तालुक्यांतील गागोदें गांवीं १८९५ सालीं विनोबा भावे जन्मले. त्यांनीं सूतकताईचा पुरस्कार केला, तो विलायती कापडाची भूल घरोघर पोंचलेली पाहूनच. पुढें भूल राहिली, परंतु पैसा बाहेर नेण्याची वाट अरुंद झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभीं, १९३९ सालीं, परकीय चलनावर निर्बंध आले आणि १९४७ सालीं स्वतंत्र कायद्यानें ते पक्के झाले. त्या वेळीं रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदीं चिंतामणराव देशमुख होते. १९४३ ते १९४९ पर्यंत तें पद त्यांच्याकडे होतें. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय, आणि त्यांचें बालपण रोह्यांत गेलेलें. त्यानंतरचीं कित्येक वर्षें परदेशीं जाणाऱ्याच्या हातीं मोजकेंच चलन पडे. त्यांत जेवणाखाण्याचा खर्च भागविणें कठीण, तेथें कपड्यांची हौस कोठून होणार?

१९७३ सालीं तेलाचे भाव चढले आणि आखातांतील देशांत कामें निघालीं. तेव्हां त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतून म्हसळें, श्रीवर्धन, मुरूड, रोहें या बाजूचे कितीतरी तरुण तिकडे गेले. त्यांच्या परतीच्या पेट्यांतून जपानी बनावटीच्या साड्या, अत्तरें आणि मऊ ब्लँकेटें गांवोगांव पोंचलीं. त्या साडीची किंमत रुपयांत कोणी विचारीत नसे. ‘बाहेरची आहे’ हेंच तिचें मोल. पुढें २००४ सालीं रिझर्व्ह बँकेनें एका व्यक्तीस वर्षाकांठीं २५,००० डॉलर बाहेर पाठविण्याची मोकळीक दिली आणि २०१५ सालीं ही मर्यादा २,५०,००० डॉलरांवर नेली. दार उघडलें, परंतु ‘बाहेरची’ या शब्दाची जुनी जादू मनांतून गेली नाहीं. खोडलेल्या आकड्याचा जो प्रभाव पडतो, तो बऱ्याच अंशीं या जादूच्या बळावर.

परदेशांत स्वस्त म्हणून जें पुढें येतें, त्याचे तीन प्रकार आहेत. आणि तिन्हींची परीक्षा निरनिराळी आहे.

पहिला प्रकार हंगामअखेरच्या विक्रीचा. फ्रान्समध्यें ही विक्री वर्षांतून दोनदां, एकदां हिवाळ्यांत व एकदां उन्हाळ्यांत, सरकारनें ठरविलेल्या मुदतींतच होते. २०२० सालापासून ही मुदत प्रत्येकीं चार आठवड्यांची आहे. या विक्रीचा माल दुकानदारानें निदान एक महिना आधीं विक्रीस मांडलेला आणि त्याचे पैसे चुकते केलेले असले पाहिजेत, असा तेथील कायदा आहे. स्वस्तांत खपविण्यासाठींच मुद्दाम मागविलेला हलका माल आंत घुसूं नये, हा त्याचा हेतु. शिवाय २८ मे २०२२ पासून युरोपीय संघांत असा नियम लागू झाला कीं, भाव उतरविल्याचें जाहीर करणाऱ्यानें त्यापूर्वींच्या निदान तीस दिवसांतील सर्वांत कमी भाव सांगितला पाहिजे. आधीं भाव चढवावा आणि मग तो उतरविल्याचें पुण्य घ्यावें, ही युक्ति साऱ्या जगांतील व्यापाऱ्यांस अवगत आहे. तिला हा लगाम आहे. यास्तव या मुदतींत सांपडलेली सूट बहुधा खरी असते. मात्र मुदतीच्या शेवटीं भाव जसजसा उतरतो, तसतशीं नेहमींचीं मापें संपत जातात. आणि अंगास न बसणारा कपडा फुकट मिळाला तरी महागच.

दुसरा प्रकार ‘आउटलेट’ नांवाच्या पेठांचा. मूळची चाल साधी होती. कारखान्याच्या दाराशीं एखादी खोली असे; तेथें डागी, उरलेला किंवा मागील हंगामाचा माल कामगारांस व शेजाऱ्यापाजाऱ्यांस कमी भावांत मिळे. त्याच खोलीच्या पुढें पेठा झाल्या. न्यूयॉर्कच्या उत्तरेस वुडबरी कॉमन ही पेठ १९८५ सालीं उघडली. इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळ बिस्टर व्हिलेज १९९५ सालीं. पॅरिस व मिलान यांच्या आसपासही अशा पेठा आहेत, आणि सहलीच्या बसगाड्या तेथें थांबतात. परंतु एवढ्या मोठ्या पेठा बाराही महिने भरलेल्या ठेवण्यास उरलासुरला माल पुरणार कसा? तो पुरत नाहीं. म्हणून कित्येक पेढ्या आउटलेटसाठींच निराळा माल शिववून घेतात. नांव तेंच असतें, पण कापड पातळ, अस्तर अपुरें आणि टांका लांब असूं शकतो. २०१४ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या चार सभासदांनीं तेथील केंद्रीय व्यापार आयोगास पत्र लिहून याच गोष्टीकडे लक्ष वेधलें होतें. प्रश्न सरळ आहे. जो कपडा मुख्य दुकानांत कधीं गेलाच नाहीं, त्याची खोडलेली ‘मूळ किंमत’ आली कोठून?

येथें पेणची संवय उपयोगीं पडते. मूर्तीची पाठ पाहावी तसा कोट उलटून पाहावा. शिवणीचे टांके जवळजवळ आहेत कीं लांबलांब, चौकड्यांचें कापड असल्यास चौकडी शिवणीवर जुळते कीं तुटते, काजें भरलेलीं आहेत कीं दोरे सुटलेले, हें पाहण्यास एक मिनिट पुरतें. मग आंतील चिठ्ठी वाचावी. युरोपीय संघांत कपड्यांतील तंतूंचें प्रमाण लिहिणें सक्तीचें आहे; त्यामुळें लोकरीचा म्हणून मिरविणाऱ्या कोटांत लोकर किती आणि पॉलिएस्टर किती, हें तेथेंच कळतें. आणि शेवटीं दुकानदारास एकच प्रश्न विचारावा: हा माल मुख्य दुकानांतून आलेला आहे, कीं या पेठेसाठींच केलेला आहे? प्रामाणिक दुकानदार उत्तर देतो. उत्तर टाळलें गेलें, तर तेंही उत्तरच समजावें.

तिसरा प्रकार उघड नकली मालाचा. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस येथील रस्त्यांवर चादर अंथरून मोठ्या नांवांच्या पिशव्या व पट्टे विकणारे फेरीवाले भेटतात. इटलींत २००५ सालच्या कायद्यानें असा माल विकत घेणाऱ्यासही दंड ठेवला आहे. त्याची रक्कम ३०० पासून ७,००० युरोंपर्यंत जाऊं शकते. दुसरीकडे घडलेली मूर्ति ‘पेणची’ म्हणून विकली गेली, तर पेणच्या कारागिरास काय वाटेल, हें ज्यास समजतें, त्यास या कायद्याचें मर्म निराळें सांगावयास नको.

आतां नांवाचें मोल किती, तें पाहूं. मांडव्याहून सुटलेली लाँच मुंबईस ज्या गेटवे ऑफ इंडियापाशीं लागते, त्याच कमानीपुढें ३० मार्च २०२३ रोजीं पॅरिसच्या डिओर या पेढीनें आपल्या नव्या कपड्यांचें प्रदर्शन भरविलें. या पेढीच्या मौल्यवान वस्त्रांवरील कितीतरी भरतकाम मुंबईंतील ‘चाणक्य’ या संस्थेच्या कारागिरांच्या हातून होतें, आणि त्या हातांचा गौरव म्हणूनच हा समारंभ मुंबईंत झाला. अर्थात् ज्या वस्त्रासाठीं प्रवासी सात समुद्र ओलांडतो, त्यावरील टांका रायगडच्या किनाऱ्यावरून जेथले दिवे दिसतात त्या शहरांत घातलेला असण्याचा संभव आहे. रोजच्या वापराच्या कपड्यांविषयीं तर हें अधिकच खरें. तमिळनाडूंतील तिरुप्पूर येथून आणि बांगला देशांतून युरोपकडे विणलेल्या कपड्यांचीं जहाजें अखंड जात असतात. मिलानमध्यें चाळीस युरोंस घेतलेला टी-शर्ट रोह्यास आणून उलटावा, तर तो तिरुप्पूरचा निघावा! बिचारा अर्धी पृथ्वी फिरून, वाटेंत आपली किंमत वाढवून, पुन्हा मायदेशीं आला एवढेंच. निर्यातींतून उरलेले तसलेच कपडे मुंबईंत आझाद मैदानाजवळच्या फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून घेतां येतात.

याचा अर्थ असा नव्हे कीं, मोठ्या पेढ्यांच्या नांवांत केवळ पोकळ डौल आहे. कापडाची निवड, बेत आणि बेतणी यांसही बुद्धि व श्रम लागतात आणि त्यांची किंमत रास्त आहे. परंतु नांवाचे किती आणि वस्त्राचे किती, हा फरक मनाशीं स्पष्ट असावा.

यानंतर करांचा हिशेब. युरोपांत कपड्याच्या किंमतींत मूल्यवर्धित कर मिळविलेलाच असतो. फ्रान्समध्यें तो शेंकडा २० आणि इटलींत २२ आहे. माल संघाबाहेर नेणाऱ्या प्रवाशास हा कर परत मिळूं शकतो, परंतु त्यास अटी आहेत. खरेदी ठराविक रकमेहून अधिक असावी लागते. फ्रान्समध्यें ही रक्कम १०० युरो आहे, आणि इटलीनें ती २०२४ सालीं ७० युरोंवर आणली. दुकानांत पारपत्र दाखवून कागद भरून घ्यावे लागतात. संघांतून शेवटीं ज्या देशांतून बाहेर पडावयाचें, तेथील जकात कचेरींत ते कागद मंजूर करून घ्यावे लागतात. आणि माल न वापरलेला, दाखवितां येईल असा जवळ ठेवावा लागतो. तो सामानाच्या पेटींत घालून पेटी आधींच विमान कंपनीच्या हवालीं केली, तर पंचाईत होते. एवढें करूनही मधल्या कंपन्या आपलें कमिशन कापतात. म्हणून विसांपैकीं पुष्कळदां बाराच्या आसपासच हातीं येतात. ग्रेट ब्रिटननें तर दुकानांत खरेदी करून माल बरोबर नेणाऱ्या प्रवाशांची ही सवलत २०२० अखेर बंद केली. त्यामुळें लंडनच्या भावांतून कर वजा करून मनांत मांडे खाणें व्यर्थ आहे.

पैसे कार्डानें द्यावयाचे झाल्यास यंत्र विचारतें: रुपयांत कीं युरोंत? रुपयांचा आकडा ओळखीचा म्हणून मन तिकडे धांवतें. परंतु तेथें विनिमयाचा दर यंत्रवाल्याचा असतो आणि तो बहुधा महाग पडतो. स्थानिक चलनच निवडावें. त्यावरही अनेक बँका शेंकडा दोनपासून साडेतीनपर्यंत आकार लावतात, तो निराळा. मग येते मायदेशची जकात. २०१६ सालच्या नियमांनीं युरोपसारख्या देशांतून परतणाऱ्या येथील रहिवाशास ५०,००० रुपयांपर्यंतचा नवा माल मोफत आणण्याची मुभा दिली होती. त्यावरील मालास अधिभार धरून शेंकडा ३८.५ जकात पडे, आणि नवराबायकोची सूट एकत्र करून एकाच महाग वस्तूस लावतां येत नसे. सरकार हे आकडे वेळोवेळीं बदलीत असतें. म्हणून निघण्यापूर्वीं त्या वेळचा नियम पाहून घेणें, आणि खरेदीच्या पावत्या जपून ठेवणें, हें शहाणपणाचें.

आतां त्या तीनशे युरोंच्या कोटाकडे पुन्हा वळूं. हिशेब सोपा व्हावा म्हणून एक युरो म्हणजे शंभर रुपये धरूं. कोट पडला ३०,००० रुपयांस. कराचे शेंकडा १२ परत आले, म्हणजे ३,६०० वजा. बँकेचा आकार शेंकडा ३ प्रमाणें ९०० अधिक. खरी किंमत २७,३०० रुपये. साठ हजारांचा कोट सत्तावीस हजारांत! येथवर आनंदच आहे.

परंतु हा कोट रोह्यास येतो. कुंडलिकेच्या कांठीं थंडी ती किती? आणि पावसाळा मात्र चार महिन्यांचा. कोंकणांतील दमट हवेंत लोकरीस कसर लागते, चामड्याच्या पिशवीवर हिरवट बुरशी चढते, आणि कपाटांत डांबराच्या गोळ्या ठेवून वर्षांतून दोन वेळां ऊन दाखवावें लागतें. समजा, महाबळेश्वरास किंवा उत्तरेकडे लग्नकार्यास जातांना तो वर्षांतून दोन दिवस अंगावर चढला. पांच वर्षांत दहा दिवस. म्हणजे दर दिवसास २,७३० रुपये पडले. त्याच पेठेंत कोणतीही सूट न घेतां साठ युरोंचा एक उत्तम सुती सदरा घेतला असता आणि तो तीन वर्षें आठवड्यांतून एकदां घातला असता, तर दर वेळेस चाळीस रुपयांहूनही कमी पडले असते. निम्म्या किंमतीचा कोट महाग आणि पुऱ्या किंमतीचा सदरा स्वस्त, असा हा न्याय आहे. स्वस्ताई खोडलेल्या आकड्यांत नसते. ती वापरांत असते.

आणखी एक किंमत कोणत्याच चिठ्ठीवर लिहिलेली नसते; ती वेळेची. समजा, एका निवृत्त जोडप्यानें दहा दिवसांच्या सहलीसाठीं सहा लाख रुपये भरले. दिवसाचे दहा तास हिंडण्याफिरण्याचे धरले, तर एकूण शंभर तास झाले. म्हणजे दर तासास सहा हजार रुपये. आउटलेटच्या पेठेंत जाण्यायेण्यासह तीन तास गेले, तर अठरा हजार रुपये खरेदीपूर्वींच खर्चीं पडले. त्या तीन तासांत लूव्रचीं दोन-चार दालनें पाहून झालीं असतीं, किंवा सेन नदीच्या कांठीं स्वस्थ बसतां आलें असतें. आणि तीच गोष्ट जन्मभर आठवली असती.

पण मध्यमवर्गीय प्रवासी पुष्कळदां स्वतःसाठीं खरेदी करीतच नाहीं. तो करतो आळींतील आणि नात्यागोत्यांतील माणसांसाठीं. आखातांतून पेट्या येत, तेव्हांपासून ‘परदेशीं जाऊन आले आणि हात हलवीत आले’ हा बोल सर्वांस जिव्हारीं लागतो. सून, जांवई, भाचा, शेजारी अशा दहा-बारा नांवांची यादी घेऊन वृद्ध आईबाप पेठेंत हिंडतात, आणि रात्रीं खोलीवर येऊन, उरलेले पैसे परतीपर्यंत पुरतील कीं नाहीं, हें मोजीत बसतात. हा खरा काळजीचा भाग आहे. प्रेम दाखविण्यासाठीं नांवाची चिठ्ठी लागत नाहीं. निघण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांनीं बसून एक रक्कम ठरवावी, यादी लहान करावी, आणि ‘आमच्यासाठीं कांहीं आणूं नका’ हें वाक्य मुलांनीं आपण होऊन म्हणावें. आईबापांस त्याहून मोठी सूट कोणतीच पेठ देऊं शकणार नाहीं.

मग परदेशांत कांहीं घेऊंच नये काय? तसें नव्हे. मुलगा तिकडे शिकावयास असेल, तर हंगामअखेरीस त्याच्यासाठीं घेतलेला जाड कोट ही खरी कमाई आहे. तो रोजच अंगावर राहणार. पावसांत टिकणारें हलकें जाकीट, पायांस नीट बसणारे चालण्याचे जोडे, मुरलेल्या सुताचे कपडे, या वस्तु कोंकणांतही झिजेपर्यंत वापरल्या जातात. कसोटी एकच: खोडलेला आकडा तळहातानें झांकावा आणि खालच्या आकड्यासच हा कपडा घ्यावासा वाटतो का, हें मनास विचारावें. ‘होय’ आलें तर खुशाल घ्यावा. उत्तरास वेळ लागला तर खुंटीस परत लावावा.

पेणच्या मूर्तिशाळेंत कोणी मूर्ति खोडलेली किंमत पाहून घरीं आणीत नाहीं. तिच्यासमोर दीड दिवस, पांच दिवस किंवा दहा दिवस हात जोडावयाचे असतात. म्हणून ती डोळे भरून पाहिली जाते, पुढून आणि मागून. कपडा तर त्याहून कितीतरी अधिक दिवस अंगावर वागवावयाचा असतो. तीच दृष्टि, पारपत्राबरोबर न चुकतां, सामानांत घ्यावी. तिच्यावर जकात नाहीं.